पोटाची इशारा पातळी : संडासात पाणी ओतण्याआधी काय बघायचं?

आतडेमास्तर (धागाकर्ता)

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, हे जुलैत आपल्याकडं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पोटाच्या बाबतीत इशारा कुठला आणि धोका कुठला असं विचारलं, की मात्र उत्तर येतं, "होतंय की साफ." दवाखान्यात एवढ्यावर काही ठरवता येत नाही. म्हणून हा धागा. लाज उंबऱ्याबाहेर ठेवा, आणि ताटावर बसला असाल तर नंतर वाचा.

पहिली गोष्ट. रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे असा काही कायदा नाही. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, एवढा मोठा पट्टा नॉर्मल धरतात. कुंथावं लागू नये, दुखू नये, आणि उठल्यावर "अजून थोडं राहिलंय" असं वाटू नये, एवढं जमलं की पुरे. वर्षानुवर्षं एक दिवसाआड जाणाऱ्याला काही झालेलं नसतं. रोज एकदा जाणारा माणूस महिनाभर रोज चारदा जायला लागला, तर तो इशारा. आकड्यापेक्षा स्वतःच्या सवयीत पडलेला फरक मोठा.

मळाचा साधारण पाऊण भाग पाणीच असतं. उरलेल्यात न पचलेला चोथा, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, थोडी चरबी आणि मोठा वाटा जिवाणूंचा. त्यामुळंच कडक उपास करणाऱ्यालासुद्धा दोन-तीन दिवसांनी जावं लागतं. "खाल्लं नाही, मग आलं कुठनं" याचं उत्तर हेच.

आकार बघायला ब्रिस्टल तक्ता वापरतात. इंग्लंडातल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत ल्युईस आणि हीटन यांनी तो १९९७ साली मांडला. आपल्या भाषेत सांगायचा तर असा:

प्रकार १ : शेळीच्या लेंड्या, सुट्या आणि कडक.
प्रकार २ : लांबट पण गाठीगाठींचा, भरलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा.
प्रकार ३ : लांबट, वर भेगा.
प्रकार ४ : लांबट, गुळगुळीत, मऊ. सोललेलं पिकलं केळं.
प्रकार ५ : मऊ गोळे, कडा स्पष्ट.
प्रकार ६ : कडा विस्कटलेल्या, सैल पिठल्यागत.
प्रकार ७ : नुसतं पाणी.

३ आणि ४ उत्तम. १ आणि २ म्हणजे माल मोठ्या आतड्यात फार वेळ पडून राहिला आणि पाणी शोषलं गेलं. ६ आणि ७ म्हणजे पाणी शोषायला वेळच मिळाला नाही, किंवा आतड्यानंच पाणी सोडलं. प्रकार ५ हा चोथा कमी खाणाऱ्यांत दिसतो, त्यानं घाबरू नका.

या आकड्यात बोलायची सवय लावा. "डॉक्टर, तीन आठवडे ६ आहे, रात्री उठावं लागतं" हे एक वाक्य अर्धं निदान असतं.

---

कट_जादा

लई भारी सुरुवात. आता गावाचा प्रश्न. मिसळीचा कट दोनदा घेतला किंवा तांबड्याच्या चार वाट्या मारल्या, की दुसऱ्या दिवशी लालसर दिसतंय आन् आग बी हुतीय. लोक घाबरत्यात. रक्त कसं वळखायचं आन् तिखट कसं?

---

आतडेमास्तर

हा प्रश्न कोल्हापूरनंच विचारावा!

मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. पोट सैल असेल तर तो तेलासकट तसाच खाली उतरतो. भांड्यातल्या पाण्यावर केशरी थेंब किंवा तवंग तरंगतो. रक्त पाण्यात मिसळतं, त्याच्या गुलाबी-लाल रेघा सुटतात आणि हळूहळू सगळं पाणी रंगतं. पांढऱ्या टिश्यू पेपरवर टिपलं तर रक्त लाल आणि नंतर तपकिरी होतं. मसाला केशरी राहतो आणि कागदावर तेलकट डाग पडतो. टोमॅटोची साल तुकड्यांत दिसते. बीटानं सगळा मळच जांभळट-लाल होतो, आणि काहींची लघवीही. शंका उरली तर दोन दिवस तिखट आणि बीट बंद ठेवून पुन्हा बघायचं. तरीही लाल असेल तर दाखवायचं.

आग होण्याचं कारण कॅप्सेसिन. जिभेवर उष्णता ओळखणारी जी संवेदनाकेंद्रं आहेत, तसलीच गुदद्वाराशीही आहेत. सगळं कॅप्सेसिन वर शोषलं जात नाही, उरलेलं खाली पोचतं आणि तिथं पुन्हा तिखट "लागतं". शिवाय ते आतड्याची चाल वाढवतं. त्यात सकाळची रिकाम्या पोटीची मिसळ. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ही शरीराची मूळ सवयच आहे. त्यावर तेल आणि तिखट. गाडी लवकर सुटते, त्यात रोग काही नाही.

पण ज्याला आधीच मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराशी पडलेली चीर) आहे, त्याला हीच मिसळ आठवडाभर रडवते.

---

गोळीचिठ्ठी

लाल रक्ताबद्दल काउंटरवरून बोलतो, कारण लोक डॉक्टरच्या आधी औषधाच्या दुकानात येतात.

शौचाच्या शेवटी थेंबथेंब किंवा पिचकारी, ताजं लाल, दुखत नाही : बहुतेक मूळव्याध. मळाच्या बाजूला एकच रेघ, जाताना काच कापल्यासारखं आणि नंतर तासभर ठणका : बहुतेक फिशर. मळात कालवलेलं रक्त, सोबत शेम (चिकट, बुळबुळीत स्राव) आणि मुरडा : आव किंवा आतड्याची सूज, ते काउंटरवर मिटत नाही.

फिशरला कोमट पाण्याचा टब, १० ते १५ मिनिटं, दिवसातून २-३ वेळा, त्यातली एक शौचानंतर. पाण्यात काही घालायची गरज नाही. लोक अंदाजानं जांभळी पोटॅश टाकतात. ती जास्त पडली तर कातडी भाजते. मळ मऊ राहिला नाही तर कुठलंही मलम फुकट, कारण भरत आलेली चीर रोज सकाळी पुन्हा फाटते.

आणि रस्त्याकडेला "मूळव्याध-भगंदर, बिना ऑपरेशन" अशा पाट्या लावून क्षार टोचणारे, डाग देणारे बसतात. गुदद्वार आकसून कायमचं अरुंद होतं. बघायचं असेल तर सर्जनच बघा.

---

आतडेमास्तर

+१. त्यात एक जोडतो. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं, तर "मूळव्याधच असेल" असं स्वतः ठरवायचं नाही. मूळव्याध असूनही वर आतड्यात गाठ असू शकते. वजन उतरणं, रक्तात लोह कमी होणं (पुरुषात तर हे फारच महत्त्वाचं), घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा मळ कायम बारीक पट्टीसारखा येऊ लागणं : यातलं एक जरी सोबत असलं तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. ही ४३ फुटांची पातळी.

---

भाकरीवाली

रंगांबद्दल एकदा नीट लिहा ना मास्तर. काळ्या रंगावरून फार गोंधळ होतो.

---

आतडेमास्तर

तपकिरी रंग पित्ताचा. यकृतातून आलेल्या बिलिरुबिनवर आतड्यातले जिवाणू काम करतात आणि शेवटी स्टर्कोबिलिन तयार होतं, त्याचा हा रंग. पित्त पोचलंच नाही तर रंग येणार कुठून? मग मळ पांढुरका, शाडूच्या मातीसारखा. सोबत लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, असं असेल तर पित्ताच्या नळीत खडा किंवा गाठ, नाहीतर यकृताची कावीळ. बेरियम पिऊन एक्स-रे काढला असेल तर दोन-तीन दिवस पांढरं दिसतं, ते सोडून द्या. दूषित पाण्यातून येणारी कावीळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही, २०१२ साली इचलकरंजीनं ती भोगलीय. त्या कावीळीतला हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेततो. गळ्यात माळ आणि नाकात रस, यात दिवस घालवू नका.

हिरवा : मेथी, पालक, शेपू, किंवा जुलाबात माल इतका घाईनं उतरला की पित्ताचा हिरवा रंग बदलायला वेळ मिळाला नाही. याची काळजी करू नये.

आता काळा. लोहाच्या गोळ्यांनी काळा होतो, जून-जुलैत जांभळं पोटभर खाल्ली तरी होतो, आणि बिस्मथ असलेल्या औषधानंही. हा काळा रंग साधा. खरा धोका डांबरासारख्या काळ्याचा. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर फुटला, की रक्त खाली येईपर्यंत आम्ल आणि पाचकरसांनी काळं पडतं. तो मळ चकाकतो, चिकटतो, बादलीभर पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतो, आणि वास असा की एकदा आला तर विसरत नाही. काडीनं पांढऱ्या कागदावर पातळ पसरा : लोहाचा काळा हिरवट दिसतो, रक्ताचा तपकिरी-लालसर. ५० ते १०० मिली रक्त एवढ्यालाही पुरतं. गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाणारे आणि रोज दारू पिणारे यांच्यात हे जास्त. सोबत घाम, चक्कर, छातीत धडधड असेल तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोनलाही सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी इस्पितळ) किंवा जवळचं इस्पितळ गाठा.

---

बालवाडी_दवाखाना

गरोदर बायकांसाठी : सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. काळं होणारच. गोळी "बाधली" म्हणून बंद करू नका. कडक होत असेल तर जेवणानंतर घ्या, पाणी वाढवा. चहासोबत मात्र नको, लोह शोषलं जात नाही.

---

वैद्यबुवा

एक मुद्दा राहिला. पाण्यात बुडतो की तरंगतो? चरकसंहितेत ग्रहणीच्या अध्यायात मलपरीक्षा आहे : आम, म्हणजे न पचलेला मळ जड म्हणून बुडतो, पक्व तरंगतो. पण तिथंच अपवादही दिलेत : फार पातळ, फार घट्ट, थंडपणा आणि कफानं बिघडलेला मळ असेल तर ही परीक्षा लागू नाही. लोक अर्धा श्लोक पाठ करतात आणि अपवाद गाळतात.

---

आतडेमास्तर

वैद्यबुवांशी इथं थोडा वाद. १९७२ साली अमेरिकेत लेव्हिट आणि ड्युएन यांनी तरंगणाऱ्या मळावर दाब देऊन बघितला. आतला वायू दबला आणि तो बुडाला. म्हणजे तरंगणं हे मुख्यतः वायूचं काम. कडधान्यं, कोबी, न पचलेलं दूध यांनी जिवाणू जास्त वायू करतात, झालं. त्याआधी डॉक्टरही "तरंगतो म्हणजे चरबी" असंच धरून चालायचे.

चरबी ओळखायची ती वेगळ्या खुणांवरून. रंग फिकट पिवळा, ढीग मोठा, पाण्यावर तेलाचा थर, वास कुजका, आणि दोन-तीनदा पाणी मारूनही न जाणं. हे आठवडे चाललं आणि वजन उतरू लागलं तर स्वादुपिंड, लहान आतडं, जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी) या बाजूला बघावं लागतं. पित्ताशय काढलेल्यांना पांढऱ्या रश्श्याच्या जेवणानंतर पिवळं-पातळ होणं हे पुष्कळदा दिसतं. नारळाचं दूध, काजू, खसखस आणि वर मटणाची चरबी. पित्त साठवायला पिशवीच नाही, ते थेट आतड्यात गळत राहतं. त्यांनी वाटी अर्धी करावी.

---

वैद्यबुवा

वायूचं मान्य. "चिकट, दुर्गंधी, पाण्यानं न निघणारा" ही तर साम, म्हणजे आम मिसळलेल्या मळाचीच लक्षणं झाली, तिथं आपलं एकमत.

---

तालीम_गंगावेस

दुधाचं बोला. दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण, म्हणजे नुकतं काढलेलं न तापवलेलं दूध पिणारे आहेत. काहींना अर्ध्या-पाऊण तासात पोटात गुडगुड आणि पातळ होतं. म्हातारी माणसं म्हणतात पोट साफ झालं, चांगलंय.

---

भाकरीवाली

ते साफ होणं नव्हे. लॅक्टेज हे विकर कमी पडतं, दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, सोबत पाणी ओढते आणि जिवाणू तिचा वायू करतात. मळ फेसाळ, आंबूस वासाचा. म्हशीच्या दुधात ही साखर साधारण ५ टक्के, म्हणजे २५० मिलीच्या पेल्यात १२ ग्रॅमच्या आसपास. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी एवढी, तीही जेवणासोबत, चालून जाते. रिकाम्या पोटी एकदम अर्धा-पाऊण लिटर रिचवलं की गडबड. दही-ताकात साखर थोडी कमी, आणि विरजणाचे जिवाणूही पचवायला मदत करतात. खात्री करायची असेल तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद, मग रोज अर्धा पेला वाढवत जायचं.

धारोष्णाचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय, कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब येऊ शकतात. म्हैस समोर उभी आहे, दूध फेसाळतंय, म्हणून जंतू मरत नाहीत. परंपरा माहीत आहे, तरी सांगते : तापवून प्या.

---

तालीम_गंगावेस

कट्ट्यावर सांगायला धाडस पाहिजे 😀 पण नोंद केली.

---

भाकरीवाली

आता चोथा. प्रकार १-२ वाल्यांसाठी हेच खरं औषध. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू धरा. ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम, पॉलिश तांदळात ३ पेक्षा कमी, पेरूत साडेआठच्या आसपास. जोंधळ्याच्या एका मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ६-७ ग्रॅम तंतू. दोन भाकरी आणि एक मोठा पेरू एवढ्यावर दिवसाचं काम जवळजवळ होतं. उलट रविवारचं ताट बघा : तांबडा, पांढरा, सुकं मटण आणि भाताचा डोंगर. चोथा नावाला नाही. सोमवारी कुंथायला होतं त्याचा दोष मटणाला देतात. खरं तर भाकरी बाजूला सारून भात वाढून घेतलेला असतो.

चूक कुठं होते? एकदम वाढवतात. पहिल्याच दिवशी चार वाट्या उसळ, मग पोट फुगतं, मग सगळंच सोडून देतात. आठवड्याला ५ ग्रॅमच्या हिशोबानं वाढवा आणि पाणी दोन-अडीच लिटरपर्यंत न्या. पाण्याविना चोथा म्हणजे ओल्या वाळूऐवजी कोरडी वाळू ढकलणं.

---

कट_जादा

आन् इसबगोल? लोक चमचाभर तसंच तोंडात टाकून वर घोटभर पाणी पित्यात.

---

गोळीचिठ्ठी

तसं कधीच करू नये. घशातच फुगून अडकू शकतं. १ ते २ चहाचे चमचे २५० मिली पाण्यात ढवळायचे, जेली व्हायच्या आत प्यायचं, वर अजून एक पेला पाणी. कोमट दुधात घेणारे पुष्कळ आहेत; चालतं, पण वरचं पाणी चुकवू नका. परिणाम यायला १२ ते ७२ तास लागतात. पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून डोस तिप्पट करू नका. बाकीच्या गोळ्या दोन तास पुढं-मागं. इसबगोल पाणी धरून ठेवतं, म्हणून थोड्या सैल पोटालाही चालतं. मात्र गिळायला त्रास असेल, किंवा आतडं अडलेलं असेल तर अजिबात नाही.

"आयुर्वेदिक आहे, सवय लागत नाही" म्हणून विकली जाणारी बरीच चूर्णं बघा, मागच्या लेबलवर सोनामुखी दिसेल. ती आतड्याला चिमटा काढून हलवते. चार दिवसांना ठीक. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट पडलेलं दुर्बिणीत दिसतं.

कडक होण्यामागं औषधंही असतात : लोह, कॅल्शियम, अॅल्युमिनियमची अँटासिड, कोडिनचं खोकल्याचं औषध. पातळ होण्यामागं : मॅग्नेशियमची अँटासिड, अँटिबायोटिक, साखरेची मेटफॉर्मिन. थायरॉईड कमी असेल तरी कडक. आधी गोळ्यांची पिशवी तपासा.

---

वैद्यबुवा

सोनामुखीबद्दल सहमत. क्रूर कोठ्याच्या (कायम कडक होणाऱ्या) माणसाला एकदा रेचक देणं वेगळं आणि रोजचा चहा करून टाकणं वेगळं.

---

बालवाडी_दवाखाना

घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल तर हे लक्षात ठेवा. आठ दिवस काही नाही आणि मग अचानक दिवसभर थोडं थोडं पाणी गळतंय. घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात खाली कडक खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या बाजूनं झिरपतं. जुलाब थांबवायची गोळी दिली की खडा अजून घट्ट. नर्स किंवा डॉक्टरला बोटानं तपासायला सांगा, दोन मिनिटांत कळतं.

---

धागा_वाचक_इचल

पावसाळी हगवणीबद्दल लिहा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सगळ्यांना हेच लागलं होतं.

---

बालवाडी_दवाखाना

पाण्यासारखं, तांदळाच्या धुवणासारखं, पोट फारसं दुखत नाही पण तासाला लिटरभर जातंय : कॉलरा धरून चाला, मीठ-पाणी लगेच. थोडं थोडं, रक्त-शेम, मुरडा, ताप : आव.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. लहान २०० मिलीची पाकिटंही मिळतात, म्हणून मागं वाचा. अर्धं पाकीट पेल्यात टाकायचं नाही. जास्त दाट झालं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. दर जुलाबामागं २ वर्षांखाली ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांना १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध चालू.

टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. साखर जास्त, मीठ कमी. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली.

दवाखान्यात कधी? डोळे खोल, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली बसणं, सहा तास लघवी नाही, मूल पाणीही पीत नाही, रक्त दिसलं. लहान मुलाला लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) कधीच नाही. मोठ्यालाही ताप किंवा रक्त असेल तर नाही.

आणि पाणी : खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट. नुसतं कोमट केलेलं पाणी उकळलेलं नव्हे.

---

काचपट्टी

लॅबकडून दोन गोष्टी.

नमुना : कोरडी, रुंद तोंडाची डबी. जुन्या बामची बाटली धुऊन आणू नका. लघवी किंवा नळाचं पाणी मिसळू देऊ नका. घट्ट असेल तर सुपारीएवढा, पातळ असेल तर ३-४ चमचे. रक्त-शेम दिसतंय तोच भाग घ्या. लोक नेमका "चांगला" भाग आणतात. तासाभरात पोचवा. पातळ नमुन्यात हलता अमिबा बघायचा असेल तर अर्धा तासच. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. एका नमुन्यात जंत दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं नाही, एक दिवसाआड तीन नमुने लागतात.

रिपोर्टमधला घोळ : "सिस्ट (अमिबाचं कवचातलं रूप) दिसल्या" म्हणजे अमिबाचा रोग असं नाही. रोग करणारा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार, दोघांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. लक्षणं नसताना दर वर्षी मेट्रोनिडाझोलचा कोर्स मारण्यात अर्थ नाही. पस सेल (पुवाच्या पेशी) भरपूर आणि लाल पेशी असतील तर मात्र आतड्याला सूज आहे.

लपलेल्या रक्ताची चाचणी दोन प्रकारची. जुनी ग्वायक : तिला मटणातलं रक्तही कळतं, म्हणून आधी ३ दिवस मटण आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद. रविवारचं जेवण झाल्यावर सोमवारी ही चाचणी करू नये. नवी फिट : ती फक्त माणसाचं रक्त ओळखते, पथ्य नाही. पण जठरातलं रक्त खाली येईपर्यंत पचतं, म्हणून अल्सर शोधायला फिट उपयोगी नाही. कुठली चाचणी आहे, विचारून घ्या.

---

भाकरीवाली

काचपट्टी, आतड्याची चाल घरी मोजायची सोपी पद्धत लिहू का? उकडलेल्या मक्याचे मूठभर दाणे न चावता गिळा, वेळ लिहा, दाणे पहिल्यांदा दिसतील तेव्हा परत वेळ लिहा. त्याआधी आठवडाभर मका नको. १२ तासांच्या आत आले तर घाई, ७२ तास उलटले तर सुस्ती. मधलं सगळं ठीक. लहान मुलांवर हा प्रयोग नको, दाणा श्वासनळीत जायचा.

---

नवी_आई_राजारामपुरी

बाळांचे रंग?

---

बालवाडी_दवाखाना

पहिल्या २४ तासांत काळपट-हिरवी चिकट शी झाली पाहिजे. ४८ तासांत झाली नाही तर डॉक्टरला सांगा. नंतर अंगावरच्या दुधावर मोहरीच्या चटणीसारखी पिवळी, दाणेदार, सैल. दिवसातून आठदा झाली तरी जुलाब नव्हेत. दीड महिन्यानंतर काही बाळं आठवडाभर करत नाहीत. मऊ असेल आणि बाळ हसत-पीत असेल तर साबणाची कांडी घालू नका.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. एक, दोन आठवड्यांपुढं कावीळ टिकलीय आणि शी पांढुरकी, खडूसारखी. पित्तनलिका बंद असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. "कोवळ्या उन्हात धरा" म्हणत महिना जातो. दोन, बाळ थांबून थांबून किंचाळतं, पाय पोटाशी घेतं आणि शीत लाल जेलीसारखं दिसतं. आतड्यात आतडं घुसलेलं असतं, तासांचा खेळ.

जंत : १ ते १९ वर्षांना अल्बेंडाझोल, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत मिळतं. २ वर्षांपुढं ४०० मिलिग्रॅम, १ ते २ वर्षांना अर्धी गोळी चुरून.

---

धागा_वाचक_इचल

आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट कधी कडक कधी सैल?

---

आतडेमास्तर

तो आयबीएस (रोग दिसत नाही, पण आतड्याचं काम बिघडलेलं) असू शकतो. डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम ४ निकषांनुसार : गेले ३ महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि सोबत यातलं दोन : दुखणं शौचाशी जोडलेलं, किती वेळा जातो यात बदल, मळाच्या रूपात बदल. सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची. झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप, उतरणारं वजन यातलं काही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसू नका. आपल्याकडं आतड्याचा क्षय आणि क्रोन (आतड्याची जुनाट सूज) हे दोघं एकमेकांचा वेष घेऊन येतात, बायोप्सी लागते.

येताना दोन आठवड्यांची वही आणा. तारीख, वेळ, ब्रिस्टल आकडा, रंग, रक्त-शेम, कुंथणं, काय खाल्लं, कुठली गोळी. फोटो दाखवायलाही हरकत नाही, फक्त तो घरच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका.

---

कट_जादा

शेवटचा. गुडघ्यामुळं घरोघरी कमोड आलेत. त्यावर बसून हुत नाही म्हणत्यात. खरंय का?

---

आतडेमास्तर

खरं आहे. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा आवळून असतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर ती वाकडीच राहते. पायाखाली १८ ते २३ सेंटीमीटर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर, किंचित पुढं वाकून, कोपरं मांडीवर. एकावर एक पाट रचू नका, ओल्या फरशीवर घसरतात. म्हाताऱ्या माणसाला भिंतीला दांडी लावून द्या. आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, नाष्ट्यानंतर परत जा. मोबाईल बाहेर.

---

कट_जादा

मोबाईल बाहेर म्हंजे हा धागा वाचायचा कुठं?